पिशवी भरली नाही

माणसाला एकच भीती असली तर तो तिच्याशी कसंबसं जमवून घेतो. भिंगरीच्या आईला त्या वर्षी दोन भीती सांभाळाव्या लागल्या, आणि त्या दोघींचं आपसात अजिबात पटत नव्हतं.

पहिली भीती जुनी, भिंगरीची. चालायला लागली तेव्हा ही पोर सरळ चालायचीच नाही, दोन्ही हात पसरून गरगर फिरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. मग फिरता फिरता ती मध्येच बसायला लागली. चेहरा पिठासारखा पांढरा. तपासणी झाली आणि थॅलेसेमिया निघाला. म्हणजे तिच्या अंगात जे रक्त तयार होतं ते धड तयार होत नाही. दुसऱ्याचं रक्त चढवलं की पोरगी काही आठवडे टवटवीत, मग कुंडीला पाणी घालायचं विसरावं तशी पुन्हा कोमेजलेली. आणि त्या चढवलेल्या रक्तातलं लोह तिच्या अंगात साचत जायचं, हृदयात, यकृतात, त्याची औषधं वेगळी. सहा वर्षांची झाली तेव्हा तिच्या हातावर सुई टोचायला नवी जागा शोधावी लागायची. ती स्वतःच नर्सला दाखवायची, "इथं बघा, इथली शीर चांगली आहे." हे ऐकून तिचे बाबा खिडकीकडे तोंड करून बसायचे. ते शहरातली बस चालवायचे, भर गर्दीत अवजड बस लीलया वळवायचे. पण रक्त बघितलं की त्यांना घेरी यायची.

रक्ताच्या डॉक्टरांनी एक दिवस दोघांना बसवून सांगितलं. "सख्ख्या भावंडाचं रक्त जुळलं, तर जन्माच्या वेळी त्याच्या नाळेत जे रक्त उरतं ते आपण घेऊ शकतो. त्यात मूळपेशी असतात, सगळे त्यांना स्टेम सेल म्हणतात. त्या हिच्या हाडांत रुजल्या तर हिचं शरीर स्वतःचं रक्त स्वतः बनवायला लागेल."

"हिच्याच नाळेचं ठेवलं असतं तर?" भिंगरीच्या आईने विचारलं. हा प्रश्न तिला कित्येक महिने कुरतडत होता. ती एका धुलाई-इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या सुनेकडे नाळ साठवणाऱ्या कंपनीचा एक गोडबोल्या माणूस येऊन गेला होता, बाळाची नाळ साठवा, पुढे पस्तावाल, असं सांगून घरभर धास्ती पसरवून गेला होता.

"तिच्या रक्तातच दोष, मग तिच्या नाळेतल्या रक्ताचा तिला काय उपयोग?" डॉक्टर म्हणाले. "तुमची चूक झालेली नाही. आणि घरात असा आजार नसेल तर बहुतेकांना त्या पिशवीची कधी गरजही पडत नाही. तुमची गोष्ट निराळी."

पुढे पोटातल्या बाळाची तपासणी झाली. त्याला आजार नव्हता, आणि त्याचं भिंगरीशी जुळत होतं. त्या दिवशी भिंगरीच्या बाबांनी आनंदाच्या भरात बसचा एक थांबा चुकवला आणि उतारूंच्या शिव्या हसत हसत खाल्ल्या. पोटातल्या बाळाला घरात सगळे 'पाहुणा' म्हणायला लागले.

आणि इथेच दुसरी भीती घरात शिरली. तिला दार उघडलं सासूबाईंनी. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "लेकरू आणताय की विहीर खणताय गं? पाणी लागलं, आता उपसा."

बोलून त्या पुन्हा भाजीत गुंतल्या. त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. पण भिंगरीच्या आईला ते वाक्य विंचवासारखं डसलं. रात्रंदिवस पोटावर हात ठेवून ती स्वतःला विचारायची, खरंच, भिंगरी धडधाकट असती तर हा पाहुणा आला असता का? उत्तर तिला माहीत होतं. म्हणूनच ती घाबरायची. पाहुण्याने लाथ मारली की तिला आनंद व्हायच्या आधी अपराधी वाटायचं.

नाळेचं रक्त घ्यायची पेटी डॉक्टरांनी आधीच घरी दिली होती. साधीच पेटी: आत नळी आणि सुई जोडलेली एक चपटी पिशवी, रक्त गोठू नये म्हणून तिच्यात थोडंसं पातळ औषध. फार गार नको, फार गरम नको, एवढीच सूचना. सासूबाईंनी ती कपाटावर ठेवली आणि घरात कुणी जोरात दार आपटलं तरी "पेटी!" म्हणून ओरडायला लागल्या.

दिवस भरायला महिन्याहून जास्त अवकाश होता, तेव्हा एका दुपारी, चादरींची थप्पी करताना, भिंगरीच्या आईच्या कमरेतून कळ गेली. तिने इस्त्री उभी केली आणि टेबलाची कड धरली. दुसरी कळ आली तशी शेजारची बाई तिच्याकडे बघून म्हणाली, "अगं, तुझा चेहरा बघ. चल, रिक्षा बोलावते."

"आत्ता नाही," ती म्हणाली, जणू दुकानात कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला सांगत होती. "अजून वेळ आहे त्याला."

"हे मला नको सांगू. त्याला सांग."

रिक्षात तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. इवलंसं बाळ, त्याच्या नाळेत रक्त तरी किती असणार? आणि लगोलग मनात आलं, बाळ जगेल का हे आधी विचारायचं सोडून मी हे काय विचारतेय?

सासूबाई पेटी पोटाशी धरून रुग्णालयात हजर झाल्या. कुणी हात लावायला आलं की "हळू!" म्हणायच्या. भिंगरीचे बाबा भरलेली बस मध्येच सोडू शकत नव्हते. शेवटच्या थांब्यावर दुसऱ्या चालकाच्या हाती किल्ली देऊन ते धावत आले. गणवेश घामाने भिजलेला. प्रसूतीच्या डॉक्टरबाईंना ते दारातच म्हणाले, "बाई, एक थेंब वाया जाऊ देऊ नका. हात जोडतो."

डॉक्टरबाई ठेंगण्या, भरदार, आवाज मात्र अगदी खालच्या पट्टीतला. त्यांनी बाबांना बाहेर बसवलं आणि आत येऊन त्या भिंगरीच्या आईच्या कानाशी वाकल्या.

"नीट ऐका. बाळ जन्मलं की नाळ लगेच कापली तर पिशवी चांगली भरते. पण बाळ लवकर येतंय. अशा बाळाला ते रक्त स्वतःलाच हवं असतं. मिनिटभर थांबलं तर नाळेतून बरंचसं त्याच्यात जातं, त्याचा त्याला फायदा. मग पिशवीला कमी उरतं."

"किती कमी?"

"आधी नाही सांगता येत. बाळ अडचणीत असलं तर मी तुम्हाला विचारणार नाही, त्याच्यासाठी जे करायचं ते करेन. पण ते बरं असलं, तर माझा सल्ला थांबायचा आहे. तुमच्या मोठीचं मला माहीत आहे, म्हणून विचारते. काय करू?"

तिला कळ आली, म्हणून उत्तर द्यायचं टळलं. पुढची कळ येईपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे भिंगरीचा हात होता, निळ्या-पिवळ्या डागांचा. घ्या, सांगायचं ठरवलं तिने. मोठीला मी ओळखते, सहा वर्षं ओळखते. ह्याची तर मी सूरतही बघितलेली नाही. घ्या. पुन्हा कळ आली. दातओठ खाताना ती मनात तेच घोकत होती, घ्या, घ्या, घ्या.

बाळ आलं. रडलं नाही.

डॉक्टरबाईंनी त्याला तिच्या पोटावर ठेवलं, ओलं, गरम, उंदराएवढं, आणि फडक्याने त्याची पाठ चोळायला लागल्या. मुलगा होता. त्याची बोटं तिच्या कातडीवर उघडली आणि मिटली. तिचा हात आपोआप खाली गेला आणि नाळेला लागला. जाड, पिळदार, बुळबुळीत नाळ. आत काहीतरी ठोके देत होतं. ते ठोके तिचे नव्हते.

"श्वास घेतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मंद आहे, पण घेतोय. लवकर सांगा. कापू?"

नर्स पिशवी उघडून उभी होती.

भिंगरीच्या आईला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ती एकटी, पाय पसरून, हलताही न येणारी. तोंडातून आवाज फुटला तो तिलाच ओळखू आला नाही.

"थांबा," ती म्हणाली.

सगळे थांबले. पाहुण्याच्या निळसर ओठांना हळूहळू रंग चढला. मग त्याने तोंड वासलं आणि मांजराच्या पिलासारखं चिरकं रडला. नाळेतले ठोके मंदावले, मंदावले आणि गेले. तेव्हा डॉक्टरबाईंनी चिमटे लावून नाळ कापली.

मग पिशवीची पाळी. सुई नाळेत घातली, पिशवी खाली धरली. नर्स ती हलके हलके झुलवत होती. आधी धार लागली, मग थेंब, मग तेही रेंगाळले. भिंगरीच्या आईला मान वळवून दिसत होतं: पिशवीच्या तळाशी गडद लाल रक्त, आणि वर नुसतं सुरकुतलेलं प्लॅस्टिक. नर्सने ती छोट्या काट्यावर ठेवली, आकडा बघितला, उचलून पुन्हा ठेवली.

बाहेर बाबांनी पिशवी पेटीत जाताना बघितली. घेरी यायच्या आधी त्यांना एवढंच कळलं की ती भरलेली नाही.

नाळेचं रक्त साठवणाऱ्या पेढीतून फोन आला तेव्हा पाहुणा अजून रुग्णालयातच, लवकर आलेल्या बाळांच्या काचेच्या पेटीत होता. बाबांनी फोन घेतला, ऐकला आणि कपाळाला हात लावून जिन्यात बसले. पेशी कमी भरल्या होत्या. भिंगरीच्या वजनाला तेवढ्या पुरणार नव्हत्या.

"त्या बाईंनी हयगय केली," ते म्हणाले. "मी दारात हात जोडून सांगितलं होतं! मी नाही सोडणार त्यांना. वरच्या साहेबांकडे जातो, आत्ता जातो."

ते खरंच उठले. चार पायऱ्या उतरलेही.

"अहो," भिंगरीच्या आईने हाक मारली. "त्यांनी नाही. मी सांगितलं थांबा म्हणून."

ते वळले. आपण नीट ऐकलं नाही असा त्यांचा चेहरा होता. तिने सगळं सांगितलं, ठोके, बोटं, निळे ओठ. सांगताना तिला वाटत होतं की कापसासारखे शब्द आहेत हे, कशालाच वजन नाही. सहा वर्षं त्या माणसाने जीव मुठीत धरून बस चालवली होती.

"तुला भिंगरी आठवली नाही?" त्यांनी विचारलं.

"तीच आठवत होती."

"मग?"

ते जिना उतरून गेले. तक्रार करायला गेले नाहीत, बसवर गेले. त्यानंतर घरात ते तिच्याशी कामापुरतं बोलायचे. दूध संपलंय. डॉक्टरांची वेळ बदललीय. पाहुण्याला मात्र ते घरी आल्या आल्या उचलून घ्यायचे, आणि हे बघून तिला आणखीच रडू यायचं, कारण त्यांनी त्याच्यावर राग धरला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या लसूण सोलत बसल्या होत्या. ती बोलणी खायच्या तयारीने उभी होती.

"मला सुचलं नसतं हं," त्या म्हणाल्या. "मी घ्या म्हणाले असते." मग उठून त्यांनी चहा टाकला. त्या चांगलं म्हणाल्या की वाईट, हे तिला आजवर कळलेलं नाही.

रक्ताचे डॉक्टर मात्र पिशवीवर पाणी सोडायला तयार नव्हते. "ती गोठवून ठेवली आहे, राहू दे. मुलगा वर्षाचा होऊ दे, वजन भरू दे. मग त्याच्या कमरेच्या हाडातून थोडा मगज, म्हणजे जिथं रक्त बनतं ती मज्जा, काढू आणि दोन्ही मिळून देऊ. दाता तोच, त्यामुळे जमतं."

"त्याला भूल द्यायची? सुई हाडात?" तिने विचारलं.

"हो. हाड ते भरून काढतं. धोका अगदी थोडा. पण नाहीच, असं मी म्हणणार नाही."

म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, या वेळी विचार करायला वर्ष हाताशी. ते वर्ष कसं गेलं ते तिलाच ठाऊक. भिंगरीला ताप आला की धाबं दणाणायचं. पाहुणा शिंकला की धाबं दणाणायचं. आता त्याची सूरत तिने चांगलीच बघितली होती. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. एका संध्याकाळी बाबा जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "या वेळी सही मी करतो. तू एकटीने नको उचलूस." तेवढंच. पण त्या दिवसापासून ते पुन्हा आपल्या उतारूंच्या गमती तिला सांगायला लागले.

भिंगरीला सांगणं तिने पुढे पुढे ढकललं होतं. शेवटी भिंगरीनेच विचारलं, "हा माझ्यासाठी आणलाय ना? आजी फोनवर म्हणत होती."

खोटं उत्तर आईच्या अगदी ओठांवर होतं. "आधी तुझ्यासाठी हवा होता," ती म्हणाली. "मग आला, आणि आता त्याच्यासाठीच हवा आहे. तू बरी झालीस तरी, नाही झालीस तरी."

भिंगरीने पाहुण्याकडे बघितलं. "त्याला दुखेल?"

"थोडं. झोपेत असेल तो. उठल्यावर ठणकेल."

"मग माझी झोपायची खिडकीजवळची जागा देईन त्याला," ती म्हणाली. मग घाईने, "एक महिना."

उपचाराच्या आधी भिंगरीच्या स्वतःच्या हाडातला सदोष मगज औषधांनी मोडून काढावा लागतो. तिला बंद खोलीत ठेवलं, आत जाताना टोपी, मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. केस गळाले, तोंडात फोड आले, पाणी गिळताना ती डोळे घट्ट मिटायची. आता परतीची वाट नव्हती. नवं रुजलं नाही तर जुनं काही उरलेलं नव्हतं. भिंगरीच्या आईला हे आधीच सांगितलेलं होतं, तरी त्या बंद खोलीत ते खरं वाटलं.

पेशी चढवायच्या दिवशी सकाळी पाहुण्याला बाबांनी स्वतः भूल द्यायच्या खोलीपर्यंत नेलं. तो डॉक्टरांच्या टोपीला हात घालून हसत होता. दार लागलं. बाबा दाराकडे तोंड करून उभे राहिले, आणि ते उघडेपर्यंत तिथून हलले नाहीत. पाहुणा परत आला तो भेकत, भुकेला, कमरेला दोन पट्ट्या. दूध पिऊन झाल्यावर त्याने बाबांच्या खिशातलं पेन पळवलं.

दुपारी नाळेची पिशवी कोमट पाण्यात वितळवून आणली. गोठवताना घातलेल्या औषधाचा उग्र, लसणीसारखा वास खोलीभर झाला.

"ई! ह्याचं रक्त इतकं घाण वासाचं?" भिंगरी म्हणाली. कित्येक दिवसांत ती एवढं लांब वाक्य बोलली नव्हती.

तळाशी होतं तेवढंच ते रक्त, काही क्षणांत नळीतून गेलं. मागून मगजाची पिशवी. बस, एवढंच. आणि मग वाट बघणं. रोज रक्त तपासायचे, रोज पांढऱ्या पेशी नाहीतच. ताप चढला. भिंगरी बडबडायला लागली, आईला न ओळखता "बाई, ती शीर चांगली नाही" म्हणायला लागली. भिंगरीची आई खुर्चीत बसून स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरायची, कारण किंचाळली असती. पिशवी भरलेली असती तर, हा एकच विचार. तिने तो कुणाला सांगितला नाही. डॉक्टरांना एकदाच विचारलं.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणालाच माहीत नसतं. तुम्ही जेवलात का?"

ताप उतरला. मग एका सकाळी डॉक्टर नेहमीसारखे आत आले, मास्कच्या वर डोळे बारीक झालेले. "आल्यात," म्हणाले. "थोड्या आहेत. पण आल्यात." बाबा काचेपलीकडे उभे होते, त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून ते बिचारे तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. ती रडत होती, त्यामुळे त्यांना भलतंच वाटलं आणि त्यांनी भिंत धरली. नर्सने धावत जाऊन त्यांना सांगितलं.

भीती काही त्या दिवशी गेली नाही. घरी आल्यावरही जेवण उकळून, हात धुवून, आल्यागेल्याला दारातूनच परत पाठवून महिने गेले. डॉक्टर 'बरी झाली' हा शब्द तोंडातून काढेनात. "चांगलं चाललंय" एवढंच. पण भिंगरीला बाहेरचं रक्त लागेनासं झालं. केस आले, आधीपेक्षा कुरळे. पायांत ताकद आली तशी जीभही धारदार झाली.

एका रविवारी ती आणि पाहुणा एका लाकडी गाडीवरून भांडत होते. पाहुण्याने गाडी सोडली नाही, तेव्हा भिंगरीने त्याला असं ढकललं की तो जमिनीवर सपशेल आपटला आणि त्याने घर डोक्यावर घेतलं.

"भिंगरे!" तिची आई स्वयंपाकघरातून गरजली. "लाज नाही वाटत? लहान आहे तो! कान धरून उभी राहा तिकडे कोपऱ्यात!"

तिच्यावर असं कुणी कधी ओरडलंच नव्हतं. ओठ काढून, पाय आपटत ती कोपऱ्यात गेली आणि कान धरून उभी राहिली, गाल रागाने लालबुंद.

भिंगरीच्या आईने पाहुण्याला उचललं, त्याचं डोकं चोळलं. दारात बाबा वर्तमानपत्र धरून उभे होते.

"ऐकलंत?" ती हलकेच म्हणाली. "मी तिला रागावले."

"सगळ्या गल्लीने ऐकलं," बाबा म्हणाले.